संकल्प मोडल्यानंतरची संध्याकाळ

प्रश्न असा आला आहे: "फादर, दर प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, मी काही गोष्टी सोडायचं ठरवतो. मांसाहार, दारू, रात्रीचा मोबाइल. राखेच्या बुधवारी हा काळ सुरू झाला की आठ-दहा दिवस निभावतं आणि मग एखाद्या संध्याकाळी मोडतं. एकदा मोडलं की सगळंच सुटतं. मग ईस्टरआधीचा पवित्र आठवडा येईपर्यंत मी प्रार्थनेलाही बसत नाही. बसलोच तर ओठ हलतात, मन भलतीकडेच असतं. मोहाला तोंड कसं द्यायचं आणि प्रार्थना पुन्हा जिवंत कशी करायची?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि एका वाक्याखाली रेघ ओढली: "एकदा मोडलं की सगळंच सुटतं." मला वाटतं तुमची खरी अडचण तिथे आहे, दारूत किंवा मोबाइलमध्ये नाही. वसईच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) आणि तपसाधनांत (प्रार्थना-शिबिरांत) तीस वर्षं लोकांची पापनिवेदनं (कन्फेशन) ऐकतो आहे. माझा अनुभव असा की पेला उचलतानाच्या मोहापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा मोह जास्त नुकसान करतो. पहिला शरीराचा असतो, अर्ध्या तासात उतरतो. दुसरा कानाशी येऊन बोलतो: "काल असं वागलास, आता कुठल्या तोंडानं देवासमोर बसणार? राहू दे. पुढच्या वर्षी नीट कर." हे बोलणं नम्रपणाचं वाटतं, म्हणूनच माणूस फसतो.

फसणारे तुम्ही पहिले नाही. आविलाच्या संत तेरेजा (१५१५ ते १५८२) यांना कॅथॉलिक ख्रिस्तसभा प्रार्थनेच्या आचार्या मानते. त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की मठात असताना वर्षाहून अधिक काळ त्यांनी मनन-प्रार्थना पूर्ण सोडून दिली होती. कारण काय? आपण इतक्या अपात्र आहोत की देवाशी जवळीक करणं हा उद्धटपणा होईल, असं त्यांना वाटलं. पुढे त्यांनी याला आपल्या आयुष्यातला सर्वांत भयंकर मोह म्हटलं. वडील वारले, तेव्हा वडिलांना मार्गदर्शन करणाऱ्या, डॉमिनिकन संघाच्या एका धर्मगुरूंकडे त्या गेल्या. त्यांनी सांगितलं, प्रार्थना सोडू नका. त्यानंतर तेरेजाबाईंनी ती सोडली नाही. आधी सुधारल्या आणि मग प्रार्थनेला बसल्या, असा क्रम नव्हता. बसल्या, आणि कित्येक वर्षांनी सुधारल्या.

आता अरण्याकडे या. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी अरण्यात सैतानाने घेतलेल्या येशूच्या परीक्षेचंच शुभवर्तमान (बायबलातला येशूच्या चरित्राचा भाग) वाचतात. मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पुन्हा काढा, पण तिसऱ्या अध्यायाच्या शेवटापासून वाचा. यार्देन नदीत बाप्तिस्मा होतो, आकाशातून वाणी होते की हा माझा परमप्रिय पुत्र आहे. लगेच पुढच्या ओळीत पवित्र आत्मा त्याला अरण्यात नेतो, आणि सैतानाचं पहिलं वाक्य काय? "तू देवाचा पुत्र असशील तर..." दगडांच्या भाकरी करून दाखव, हे नंतर येतं. आधी नात्यावरच घाव येतो. तुमच्या बाबतीतही तसंच होतं: "तू कसला ख्रिस्ती?" या प्रश्नाला उत्तर देत बसू नका. येशूनेही वाद घातला नाही. त्याची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. इस्राएल लोक चाळीस वर्षं वाळवंटात भुकेने कुरकुरले, मान्ना (देवाने तिथे दिलेलं अन्न) खाऊन जगले आणि त्यातून जे शिकले, तेच हे शब्द. अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला ते ऐन वेळी सुचले नसते. ते लहानपणापासून तोंडात होते म्हणून आले.

म्हणून मोहाची तयारी मोहाच्या आधी करायची असते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचे साधू राहत. ३९९ साली ते वारले. मनात येणाऱ्या वाईट विचारांचे त्यांनी आठ प्रकार केले आणि प्रत्येकाला तोंडावर देता येईल असं पवित्र शास्त्रातलं वचन शोधून ठेवलं. अशी जवळजवळ पाचशे वचनं त्यांनी गोळा केली. तुम्हाला पाचशे नकोत, एक पुरे. त्याच वाळवंटातले साधू बायबलातल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ दिवसभर जपत: "हे देवा, मला मुक्त करण्यास त्वरा कर; हे परमेश्वरा, मला साहाय्य करण्यास त्वरा कर." आजही धर्मगुरू आणि धर्मभगिनी आपली रोजची स्तोत्रप्रार्थना याच ओळीने सुरू करतात. मला ही ओळ आवडते, कारण तिच्यात बढाई नाही आणि लाजही नाही. बुडणारा माणूस हाक मारतो, तेवढंच तिच्यात आहे. विरारच्या गाडीत उभ्या-उभ्या आठवडाभर म्हणा. आठव्या दिवशी ती आपोआप तोंडात येईल.

आणि संकल्प तीन नकोत, एकच घ्या. तोही मोजता येईल असा. "मोबाइल कमी वापरीन" हा संकल्प नव्हे, ती नुसती इच्छा झाली. "रात्री साडेनऊला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावीन आणि सकाळपर्यंत आणणार नाही" हा संकल्प. तो पाळला की मोडला हे घरातल्या लहान पोरालाही सांगता येतं. जिथून गोष्ट काढली तिथे दुसरं काहीतरी ठेवायला मात्र विसरू नका. लूकच्या अकराव्या अध्यायात येशू झाडून-पुसून रिकाम्या ठेवलेल्या घराची गोष्ट सांगतो: बाहेर काढलेला दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. नुसतं रिकामं केलेलं घर टिकत नाही.

दारूबद्दल तुम्ही एका शब्दात लिहिलंत. मी त्यावर जरा थांबतो, कारण आपल्या समाजात त्याची झळ किती घरांना लागली आहे ते मी पाहिलंय. आमच्या धर्मग्रामातल्या एका भावाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगतो. स्टेशनवरून घरी यायच्या रस्त्यावर त्याचा बार होता. रोज ठरवायचा, रोज आत जायचा. एका प्रायश्चित्तकाळात आम्ही दोघांनी मिळून एकच गोष्ट ठरवली: दारू सोडायची असं नाही, रस्ता सोडायचा. केळीच्या वाडीतून एक पायवाट होती, दहा-बारा मिनिटं लांबची. तिथून चालताना रोझरीचं (जपमाळेचं) एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, पुरं व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात तो पडला. रात्री साडेदहाला आमच्या दारावर थाप. उघडलं तर तोच, तोंडाला वास, हातात रोझरी गुंडाळलेली. मी उपदेश केला नाही. ओट्यावर बसलो, पश्चात्तापाचं एक्कावन्नावं स्तोत्र सावकाश म्हटलं, त्याला घरापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा वाडीच्या वाटेने आला. त्या दुसऱ्या दिवसाचं मोल माझ्या लेखी आधीच्या वीस दिवसांपेक्षा जास्त आहे. पुढे तो दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या सभांना जाऊ लागला, डॉक्टरांकडेही गेला. तुमचं पिणं रोजचं असेल, हात थरथरत असेल, तर तुम्हीही जा. अशा वेळी एकदम स्वतःच्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर आधी. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही.

त्या भावाने त्या रात्री दार ठोठावलं, यात एक जुनं शहाणपण होतं. येशूसंघ या धर्मसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस लिहितात की शत्रू, म्हणजे सैतान, चोरट्या प्रियकरासारखा वागतो. त्याला सर्वांत भीती कशाची, तर त्याचं बोलणं मुलीने घरी सांगण्याची. म्हणून मोह कोणाला तरी सांगा. पापनिवेदनात सांगा, आणि एखाद्या विश्वासू मित्रालाही. "आज संध्याकाळी जड जातंय" एवढा निरोप पुरतो. येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा दोघेही एकाच रात्री पडले: पेत्राने त्याला नाकारलं, यहूदाने धरून दिलं. पेत्र ढसाढसा रडला, पण पुढे शिष्यांमध्येच सापडतो. यहूदा एकटाच निघून गेला. मला या दोन ओळींपुढे नेहमी थांबावंसं वाटतं.

मांसाहाराबद्दल थोडक्यात. नियम तसा सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस १८ ते ५९ वयोगटातल्यांनी उपवासाचे: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं काही. या दोन दिवशी आणि प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी १४ वर्षांपुढच्यांनी मांस टाळायचं. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांनी यात स्वतःला ओढू नये. आपल्याकडे शुक्रवारी मटण नसतं, पण पापलेट असतं आणि त्याला मटणाहून जास्त पैसे पडतात. नियम पाळला जातो, पण त्यामागचा हेतू हातून निसटतो. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. त्यात देव विचारतो, मला हवा तो उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणं नव्हे काय? माझी आई शुक्रवारी वालाची आमटी आणि भात करायची, आणि वाचलेले पैसे वेदीखालच्या डब्यात टाकायची. ईस्टरच्या आधी तो डबा कोणाच्या घरी जायचा ते आम्हाला मोठेपणी कळलं. रविवार उपवासात मोजत नाहीत. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार वजा केले की ४० उरतात. गोडधोड सोडलं असेल तर रविवारी खुशाल खा. दारूला मात्र ही सवलत देऊ नका.

आता प्रार्थनेकडे. "ओठ हलतात, मन भलतीकडेच" असं तुम्ही लिहिता. धर्मगुरू होऊन सहा-सात वर्षं झाली होती तेव्हा माझंही असंच झालं. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करत होतो, स्तोत्रं म्हणत होतो, लोकांना प्रार्थनेवर प्रवचनं देत होतो आणि आत कोरडा ठणठणीत होतो. जवळजवळ वर्ष असं गेलं. त्या काळात मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका: कोरडेपणा जावा म्हणून सारखी पद्धत बदलत राहिलो. आज हे पुस्तक, उद्या ती प्रार्थना, परवा भक्तिगीतांची कॅसेट. एका वृद्ध धर्मगुरूंनी थांबवलं. म्हणाले, "विहीर एकाच जागी खणावी लागते." त्यांनी मला रोज पंधरा मिनिटं देवमंदिरात नुसतं बसायला सांगितलं, एकाच वचनासह. काही वाटलं नाही तरी उठायचं नाही.

आपल्या वाड्यांतल्या माणसाला विहिरीची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. तेरेजाबाईही प्रार्थनेची तुलना बागेला पाणी देण्याशी करतात. सुरुवातीला विहिरीतून बादलीने शेंदायचं, मग रहाटाने, मग पाटाचं पाणी येतं आणि शेवटी पाऊस. पहिल्या तीनांत माणसाचे कष्ट उतरत्या क्रमाने असतात, पाऊस मात्र केवळ देवाचा. माझ्या लहानपणी आमच्या आजोबांच्या वाडीत रहाट होता. बैल फिरत राहायचा, लोट्यांची माळ वर यायची, त्यातला प्रत्येक लोटा थोडा सांडायचा, तरी पानवेलीला पाणी पोचायचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आजोबा रहाट बंद करत नसत, माळेला लोटे वाढवत. कोरड्या दिवसांतली प्रार्थना अशी असते. तेरेजाबाई कबूल करतात की कित्येक वर्षं प्रार्थनेच्या तासात त्यांचं लक्ष देवापेक्षा घड्याळाचा टोला कधी पडतो याकडे जास्त असे. तरी त्या बसत.

एव्हाग्रियस या कंटाळ्याला दुपारचा भूत म्हणतात. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या सुमारास तो साधूवर येतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, साधू सारखा खिडकीतून बाहेर पाहतो, कोणी भाऊ भेटायला येतोय का. खिडकीच्या जागी फोन ठेवा, म्हणजे सोळाशे वर्षांत काय बदललं ते दिसेल. इग्नेशियस यांचा यावरचा उपाय मी अनेकांना सांगितला आहे. कोरडेपणात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, आणि पंधरा मिनिटं ठरवली असतील तर सोळा बसायचं. ते एक जास्तीचं मिनिट पळून जाण्याच्या इच्छेला दिलेलं उत्तर असतं. करून पाहा. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल.

तुमच्या दिवसाला बसेल असं सांगतो. पहाटेची गाडी पकडणाऱ्याने रात्री प्रार्थना ठेवू नये, झोप जिंकते. चहाच्या आधी पंधरा मिनिटं, घरातल्या वेदीसमोर, रोज त्याच जागी. मेणबत्ती लावा. डोळे मिटून पहिलं वाक्य खरं बोला: "प्रभो, मी थकलोय," किंवा "काल मी प्यालो." त्यानंतर प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली, "हे आमच्या" अशी सुरू होणारी), पण नेहमीच्या वेगाने नको. एकेका शब्दावर थांबा, त्यात रस आहे तोवर पुढे जाऊ नका. एका बाई मला म्हणाल्या की "हे आमच्या" यापुढे त्या चार दिवस गेल्याच नाहीत, कारण त्यांची जाऊबाई त्या "आमच्या"त येते हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं होतं. दोघींचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. "आम्हाला मोहात पडू देऊ नकोस" यातही "मला" नाही. संध्याकाळी बारसमोरून जाताना तुम्ही जे मागता, ते त्याच वेळी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणासाठीही मागत असता.

मन भटकेल, ते भटकतंच. त्याला ओढून आणायच्या आधी ते कुठे गेलंय ते पाहा. कर्जाच्या हप्त्याकडे गेलं असेल तर तोच हप्ता देवासमोर ठेवा. साहेबावरच्या रागाकडे गेलं असेल तर त्या साहेबाचं नाव घ्या. पुष्कळ वेळा ज्याला आपण विक्षेप म्हणतो तोच त्या दिवसाच्या प्रार्थनेचा विषय असतो, आणि आपण त्याला हाकलून पाठ केलेले शब्द म्हणत बसतो. रात्री अंथरुणावर दोन मिनिटं दिवस उलटा पाहा: कुठे आभार, कुठे माफी, उद्या कुठे जपायचं. बस, एवढंच. रोझरी, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), जास्तीची भक्ती सध्या वाढवू नका. जे धराल ते ईस्टरनंतरही धरता येईल एवढंच धरा.

राखेची एक आठवण सांगतो. राखेच्या बुधवारआधी लोक घरच्या वेदीमागे खोचलेल्या वर्षभराच्या सुकलेल्या झावळ्या चर्चमध्ये आणून देतात. गेल्या वर्षी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी "होसान्ना" म्हणत ज्या हातात धरल्या होत्या, त्याच. आम्ही त्या मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात जाळतो, मग राख मलमलीच्या फडक्यातून गाळतो. जाडसर कण वर राहतात, खाली येते ती काळी, मऊ, बोटाला चिकटणारी. दोन दिवस नखांतून जात नाही. कपाळावर ती लावताना म्हणण्याची दोन वाक्यं आहेत. एक मातीची आठवण देतं. दुसरं म्हणतं, "पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा." लोक पहिलं लक्षात ठेवतात. मी हल्ली दुसरं वापरतो. त्याच मिस्सेत योएल संदेष्ट्याचं वाचन असतं: वस्त्रे नव्हे, अंतःकरणे फाडा आणि देवाकडे वळा. त्यात संकल्प किती दिवस टिकला असं कुठे विचारलेलं नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा प्रायश्चित्तकाळाचा तिसरा आठवडा चालू होता, म्हणजे तुमच्या हिशेबाने सगळं सुटल्याची वेळ. तेव्हा येत्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला या, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या चौदा स्थानांपुढे थांबत करायच्या प्रार्थनेला. कोपऱ्यात उभे राहिलात तरी चालेल. चौदा स्थानांपैकी तिसऱ्याजवळ येशू पडतो. मग आई भेटते, शिमोन क्रूसाला खांदा देतो, वेरोनिका तोंड पुसते. एवढी सगळी मदत मिळूनही सातव्याला तो पुन्हा पडतो आणि नवव्याला पुन्हा. नवव्या स्थानापाशी जरा जास्त वेळ गुडघ्यांवर राहा, लोक पुढे गेले तरी. आणि आज रात्री साडेनऊला फोन स्वयंपाकघरात ठेवा.